आत्याबाईंची चौथी डिस्क

धम्मदीपच्या लग्नाला आठ दिवस राहिले असताना तानुबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. लग्न हुकलं. नंतर धम्मदीपचे वडील सिद्धोधन, म्हणजे तानुबाईंचे भाचे, त्यांना भेटायला परभणीहून चुडाव्याला आले आणि मोबाइलवर लग्न दाखवू लागले.

"मुंग्यांएवढी माणसं दिसायलीत," तानुबाई म्हणाल्या. "टीव्हीवर दाखव."

टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर होता. लग्नाचा पेनड्राइव्ह खुपसायला त्याला जागाच नव्हती. पण तानुबाईंना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका लग्नाच्या पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या भावाशी त्या तीन वर्षं बोलल्या नव्हत्या.

सिद्धोधनांनी कचेरीतल्या एकाकडून डीव्हीडी रायटर मागून आणला. लग्नाची फाइल जशीच्या तशी डिस्कवर उतरवली आणि रविवारी पॅसेंजर धरून चुडावा गाठलं. प्लेअरनं डिस्क आत घेतली, घरघर केली आणि बाहेर ढकलली.

"तुझ्या डिस्कला ह्यानं वळखलं न्हाई," तानुबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सिद्धोधनांना कळलं की नुसती फाइल चालत नाही, जुन्या प्लेअरला समजेल अशा रूपात ती बदलावी लागते. ते कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर प्रश्नांची रांग लागली.

"पाल निवडू का?" त्यांनी बायकोला विचारलं.

रोहिणीबाईंनी आधी भिंतीकडं पाहिलं. "कुठाय?"

"भिंतीवर न्हाई, डिस्कमधी. चित्राच्या पद्धतीचं नाव हाय ते. आपल्याकडच्या टीव्हीला पालच लागते म्हणायलेत."

पाल निवडली. चित्र झकास दिसावं म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला भरायचा माल, होता तेवढा वर नेला. दुसऱ्या रविवारी प्लेअरला एवढा माल पेलवेना. धम्मदीपनं हार उचलला आणि दोन मिनिटं तो तसाच हातात धरून थांबला.

"पोरगं इचार करायलंय वाटतं," तानुबाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी बिटरेट खाली आणून चार तासांचं लग्न एकाच डिस्कवर कोंबलं. सगळ्यांच्या तोंडाचे चौकोन झाले. नवरीला फरशी समजून तानुबाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

चौथ्यांदा सिद्धोधनांनी शहाणपण केलं. निम्मंच लग्न घेतलं, बिटरेट मधोमध ठेवला आणि डिस्क घेऊन निघाले. गाडी पिंगळीला थांबली तेव्हा रोहिणीबाईंचा फोन आला.

"मी आता पेनड्राइव्हवर पंगत पाहिली. तुमी काय बोललाव ते ऐकलं का?"

सिद्धोधनांनी तीन आठवडे नुसते आकडे पाहिले होते, लग्न पाहिलंच नव्हतं.

"घास तोंडात घालून क्यामेऱ्याकडं बघून म्हणलाव, आत्याबाई आल्या न्हाईत ते लय बरं झालं, वरणाला नावं ठेवत बसल्या असत्या. ते डिस्कमधी गेलं का?"

पंगत त्याच निम्म्यात होती. सिद्धोधनांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच पिशवीत ठेवली. डिस्क विसरली म्हणावं असं ठरवून ते घरात शिरले, पण आत्याबाईंनी पिशवीत हात घालून डिस्क काढली आणि काठी टेकत जाऊन स्वतःच आत सरकवली. तीन आठवडे चालू दे, चालू दे म्हणणारे सिद्धोधन आता मनातल्या मनात बंद पड म्हणू लागले.

डिस्क चालली. आरशासारखं चित्र. पण आवाज नव्हता. आवाजाच्या रकान्यात काय निवडायचं ते पाहायचंच राहून गेलं होतं.

"रिमोट बिघडला का रे?" तानुबाईंनी बटणं दाबून पाहिली.

"न्हाई, आवाजच आला न्हाई. माझीच चूक," सिद्धोधन म्हणाले. आपली चूक एवढ्या आनंदानं त्यांनी कधी कबूल केली नव्हती. पंगत आली. पडद्यावरच्या सिद्धोधनांनी घास घेतला, तोंड हलवलं आणि हसले. खाटेवरच्या सिद्धोधनांनी श्वास सोडला.

तानुबाईंनी चित्र थांबवलं.

"कापसाच्या जिनिंगमधी पंचवीस वर्षं काढली मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मशिनीपुढं कान कुणाचा चालतोय? आमी बाया व्हट बघूनच बोलणं वळखायचो."

सिद्धोधनांनी आपल्या चपला कुठं आहेत ते पाहून ठेवलं.

"ते वरण इथून दिसायलंय," तानुबाई पुढं म्हणाल्या. "पार पाणी. मी असते तर आचाऱ्याला पंगतीतच उभा केला असता. तू बोललास ते खरंच हाय."

आणि त्या पोट धरून हसल्या. सिद्धोधनांना तेव्हा कुठं तहान लागल्याचं आठवलं. ते तांब्याभर पाणी प्यायले.

"पुढच्या रविवारी आवाजाची घेऊन ये," आत्याबाई म्हणाल्या. "बाकी सगळ्यांचं कळलं. पण तुझ्या विहीणबाई तोंडाला पदर लावून काय बोलायल्यात, तेवढं ऐकायचंय."