दुखऱ्या बोटांची नोंद

ज्या दुखण्यावर समिती नेमलेली नाही, ते दुखणं बरं होत नाही. आणि ज्यावर नेमलेली आहे, ते बरं झालं की नाही हे सांगण्याचा अधिकार दुखणाऱ्याकडे राहत नाही. शरीरशास्त्राचा हा नियम बारामती-इंदापूरकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

साखरबाईंना मात्र तो ठाऊक नव्हता. सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीला त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आखडली, तेव्हा त्यांना एवढंच ठाऊक होतं की वैशाखात नात राजेश्वरीचं लग्न आहे, मुलगा लोणी देवकरला कंपनीत आहे आणि रुखवतातले गव्हले आपल्या हातचेच असायला हवेत. (गव्हला म्हणजे भिजवलेल्या रव्याचा, चिमटीत वळलेला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो विकत मिळतो. हल्ली नवराही विकत मिळतो. पण या दोन्ही गोष्टी मांडवात बोलायच्या नसतात.) चार लेकींच्या रुखवतात साखरबाईंनी ताटं भरून गव्हले मांडले होते, आणि चारही विहिणींना ते चिमटीत धरून, उजेडात पाहूनही नाव ठेवता आलं नव्हतं. आता त्याच बोटांना पोलक्याची गुंडी लागत नव्हती.

योग असा की त्याच महिन्यात गावच्या दूध सोसायटीचे अध्यक्ष हिंदुराव स्वतःचा अंगठा दाखवायला बारामतीच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते. परदेशात म्हाताऱ्या माणसांना बोटं मोकळी व्हावीत म्हणून संगणकावरचे खेळ खेळायला देतात, असं डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "करून बघायला हरकत नाही," असंही म्हणाले. हरकत नसणे यालाच सहकारात मंजुरी म्हणतात.

संगणक सोसायटीकडे होताच. दोन वर्षांपूर्वी आणला होता आणि तेव्हापासून प्लॅस्टिकच्या कव्हरखाली सुखरूप होता. खंडेनवमीला त्याची पूजा होई. तो चालू करण्याची विद्या हिंदुरावांचे पुतणे दिग्विजय यांनाच अवगत होती. आत दोन खेळ होते. एकात वरून विटा पडत आणि त्या खाली रचाव्या लागत; दुसऱ्यात एक साप दिसेल ते गिळून लांब होत जाई. (सोसायटीच्या कारभाराशी मिळतेजुळते वाटल्यामुळे कोणी ते काढून टाकले नव्हते.)

'हिंदुराव संगणकीय हस्तव्यायाम व संधिवात निर्मूलन केंद्र' अशी पाटी लागली. संगणक एक, बोटं अनेक. आधी कोणाची, हा प्रश्न आला. तो रावजींनी सोडवला. रावजी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले चिटबॉय. (वय साठ. उसाच्या नोंदी घेणारा माणूस कारखान्यात मरेपर्यंत बॉयच असतो.) ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, हा उसाचा न्याय त्यांनी जसाच्या तसा सांध्यांना लावला. दुखणं जितकं जुनं तितका नंबर आधी. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असे उसाच्या लागणीचेच रकाने पाडले; आडसाली सर्वांत जुनी, सुरू सर्वांत ताजी. एकदा बरं होऊन पुन्हा फुटलेलं दुखणं खोडव्यात घातलं. मग वही काखेत मारून ते घरोघर हिंडले.

"वैनी, कवाची लागण?"

"लागण? मी काय ऊस लावलाय व्हय बोटात?" साखरबाई म्हणाल्या. "ह्या संक्रांतीपास्नं धरल्यात."

"अवो, धा वर्सं मागची सांगा. समदी सांगत्यात."

"धा वर्सामागं ह्याच हातानं थोरल्या नातीचं गव्हलं वळलं मी. तुमीच खाल्लं की लगनात! आता त्या बोटांवर खोटं बोलू?"

रावजींना वाईट वाटलं. पण नोंद ती नोंद. त्यांनी 'सुरू, संक्रांत ९७' असं लिहिलं. नंबर आला दोनशे नऊ. पाळी आषाढात. लग्न वैशाखात.

एकूण नोंदी दोनशे बारा झाल्या. साठीच्या वरचे एकसष्ट, तिशीच्या आतले एकशे अठरा. (उरलेले तेहेतीस संचालकांचे नातेवाईक असल्यामुळे त्यांचं वय विचारणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.) दिग्विजय यांचे मित्र राम, वय एकोणीस, यांचं दुखणं एकोणीसशे बासष्टपासूनचं निघालं. रावजी जमिनीच्या कागदांत मुरलेले; त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'वडिलोपार्जित' लिहून अडचण दूर केली.

केंद्राचे नियम पुष्कळ होते. चौथा असा, की प्रतीक्षेतल्या रोग्यांनी रोज दहा ते एक ओट्यावर हजर राहावं. गैरहजर राहणाऱ्याचा नंबर शेवटी. सातवा सर्वांत शास्त्रीय होता. उपचार संधिवातावर गुणकारी आहे. सबब ज्याला खेळात गुण पडत नाहीत, त्याला संधिवात नाही.

या नियमाचा पहिला लाभ साखरबाईंच्या शेजारणीला, शकुबाईंना झाला. त्यांची खरी तारीखच जुनी असल्यामुळे त्यांना फाल्गुनात पाळी मिळाली. चाळीसच गुण पडले, म्हणजे न पडल्यातच जमा. केंद्राने त्यांना निरोगी असल्याचा दाखला दिला. तो त्यांना हातात धरवेना, म्हणून काखेत धरून त्या ओट्यावर आल्या.

"मला रोग न्हाय म्हनं," त्यांनी पंजे पुढं केले. "मंग ह्ये काय हाय? कोंबडीचं पाय?"

"बस हितं," साखरबाई म्हणाल्या. "आन् रवा मळ."

कारण रिकाम्या हातांनी तीन तास बसणं साखरबाईंना जमत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी त्यांनी डब्यातून भिजवलेला रवा आणला होता. त्या दिवशी अकरा गव्हले झाले. त्यांतले सहा गव्हल्यांसारखे होते. पुढच्या आठवड्यात ओट्यावरच्या साऱ्या म्हाताऱ्या वळू लागल्या, आणि टाइमपास म्हणून म्हातारेही. आत विटा पडत होत्या; बाहेर परातीत दाणे.

चैत्राच्या शेवटी केंद्राच्या समितीने आढावा घेतला. आतल्या लाभार्थींत दिग्विजय यांचे गुण सर्वाधिक, एकेचाळीस हजार तीनशे. मात्र त्यांचे दोन्ही अंगठे टमाट्यासारखे सुजले होते, आणि आणखी सतरा तरुणांना मोटारसायकलचा क्लच दाबवत नव्हता. ओट्यावरच्या एकसष्टांपैकी अठ्ठेचाळीस जणांना मात्र आपल्या गुंड्या आपणच लावता येत होत्या. समिती तीन तास बसली. निष्कर्ष दोन निघाले. एक, संगणकाचा गुण जवळून येत नाही, भिंतीपलीकडून येतो. दोन, तरुणांची बोटं आता खरोखर दुखत असल्यामुळे त्यांच्या पूर्वीच्या नोंदीही खऱ्या ठरतात.

लग्नाच्या दिवशी रुखवतात गव्हल्यांचं ताट भरलेलं होतं. दाणे वाकडे होते, थोडे जाडही. पण साखरबाईंनी ते सत्तावीस दिवसांत वळले होते आणि आता विहिणींची वाट पाहत त्या ताटाशेजारी उभ्या होत्या. विहिणींच्या आधी हिंदुराव आले. त्यांनी ताटात मधोमध थर्माकोलची चमचमती पाटी रोवली: 'संगणकाच्या साहाय्याने तयार झालेले गव्हले. सौजन्य: हिंदुराव केंद्र.'

नवऱ्याची आत्या वाकली. तिने पाटी वाचली.

"अगं बया, मशिनीवरचं व्हय! मग त्यात काय बगायचं?" आणि ती पापडांकडे वळली.

साखरबाईंनी पाटी उपटली. संक्रांतीपासून न मिटलेली पाच बोटं पाटीभोवती मिटली, आणि थर्माकोलचा भुगा खाली पडला तरी मिटलेलीच राहिली.

"हातचं हायेत," त्या हिंदुरावांपुढे मूठ धरून म्हणाल्या. "ह्या हातचं."

आत्या मागे फिरली. एक गव्हला चिमटीत घेऊन तिने उजेडात धरला.

"वाईच जाड हायेत," ती म्हणाली.

साखरबाईंचा जीव भांड्यात पडला. मशीनच्या मालाला इतक्या आपुलकीने कोणी नावं ठेवत नाही.

केंद्राच्या अहवालात नोंद आहे: 'लाभार्थी क्रमांक दोनशे नऊ यांची मूठ पूर्ण वळली. अध्यक्षांनी हे स्वतः, नाकापासून चार बोटांवरून पाहिले.'

अहवाल वाचायचा तर पानं उलटावी लागतात, आणि त्यात अंगठ्याचा व्यायाम होतो. सबब हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाला लाभार्थी धरण्यात आलं आहे. आपला क्रमांक दोनशे बाराच्या पुढे. बोटं दुखत नसतील तर ते केंद्राचं श्रेय. दुखत असतील तर नियम सात पाहावा. दुखणं कधीपासूनचं ते तेवढं कळवावं. खरी तारीख कळवल्यास पाळी आषाढात येईल. पण आपण कोणती कळवाल याचा रावजींना चाळीस वर्षांचा अनुभव आहे. आपल्या नावापुढे त्यांनी 'वडिलोपार्जित' आधीच लिहून ठेवलं आहे.