अधिक महिन्यातला बारावा ट्रे

या माय-बापहो, टाळ खाली ठेवा अन् असे जवळ सरका. अल्लीपूरच्या एका दाताची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर खुशाल उठून जा.

कापड दुकानदार हेमराजभाऊंच्या हर्षाचे पहिले कीर्तन निर्जला एकादशीला ठरले होते. पण पुढचा दात तिरपा. "श्रीहरी" म्हटले की शीळ वाजे. वर्ध्याच्या साकेत डॉक्टरांनी तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक ट्रे दिले. दर पंधरा दिवसांनी पुढचा नंबर. वर बजावले, "कम्प्युटर दाखवतो तसा दात वरून सरळ होतो, पण हाडातलं मूळ मागे रेंगाळतं. ते राहिलं तर ताराच बसवाव्या लागतील." तारा म्हणजे कीर्तन बुडालेच.

एकादशीच्या दहा-बारा दिवस आधी मायलेकी दात दाखवायला गेल्या.

"चौदावा ट्रे ना?"

"बारावा," हर्षा पुटपुटली.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "दीड महिना एकच ट्रे? का?"

हर्षाने आईकडे पाहिले. रुख्मिणीबाईंनी पदर सावरला. "अधिक महिना लागला ना, साहेब! अधिकात आमी नवं काई अंगाले लावत नाई. साडी नाई, चप्पल नाई. मंग पोरीच्या तोंडात नवी वस्तू कशी घालू देऊ?"

"मावशी, ते औषध आहे!"

"औषध असं डबीतून कोरं करकरीत निघते काय?"

"आई, तुयापायी आता माह्या तोंडात तारा येतात!" हर्षाला रडू फुटले.

एक्स-रे निघेपर्यंत रुख्मिणीबाईंचे नामस्मरण थांबले नाही. डॉक्टर एकदा एक्स-रे बघत, एकदा कम्प्युटर. त्यांचा वासलेला आ मिटेना.

"चूक मायी हाय, साहेब," रुख्मिणीबाई काकुळतीला आल्या. "तारा माह्या तोंडात बसवा, पोरीले सोडा."

"मावशी..." डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवले. "मूळ जागेवर आलंय! कम्प्युटरनं सांगितलं होतं, नेमकं तिथंच! इतकं कुणाचंच जुळत नाही हो. सरकायला सवड मिळाली त्याला."

"मंग कीर्तन?"

"करू द्या!" डॉक्टरांनी पेन उघडले, आवाज खाली आणला. "पुढचा अधिक महिना कधी येतो?"

"तीन वर्षांनी."

डॉक्टरांचा चेहरा पडला. बाहेर चार पेशंट नवा ट्रे न्यायला बसले होते.

एकादशीला हर्षाचा "श्रीहरी" गावभर लख्ख ऐकू गेला. तेव्हा बापहो, कधी कीर्तनात नाम असे स्वच्छ कानी पडले, तर गाणारीला दाद द्याच. पण मागे बायकांत बसून डोळे पुसणाऱ्या रुख्मिणीबाईलाही तेवढे आठवा.