गॅस बंद केला का?

"राक्षस नको, रॉकेट नको, पऱ्या तर नकोच नको," मालक म्हणाले. "पिनबॉलच्या मशीनवर आता सगळ्यांना भिडेल असा विषय पाहिजे. आजीपासून जावयापर्यंत. हेही मशीन पडलं, तर आपण इथे प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणार. आणि खुर्चीवर चित्र लागत नाही, पेंटरकाका."

शेवटचं वाक्य पेंटरकाकांना नीट कळलं. बायको गेल्यापासून घरी बोलायला कोणी नव्हतं. जे काय बोलणं व्हायचं ते कारखान्यातच, राक्षसांना शिंगं काढता काढता.

दुसऱ्या दिवशी कामाला निघताना ते सवयीने जिन्यात थांबले. इथे बायको रोज वरून विचारायची, "अहो, गॅस बंद केला का?" आणि ते चिडून परत वर जायचे. आता विचारणारं कोणी नव्हतं, तरी ते वर गेले. गॅस बंद होता. पण विषय सापडला.

मशीन तयार झालं. राक्षसाच्या जागी गॅस, रॉकेटच्या जागी नळ, मध्ये इस्त्री, वर भलंमोठं कुलूप. पोलादी गोळी उडवून ज्याला लावाल ते बंद व्हायचं आणि दिवा लागायचा. मग हिशेबनीसबाईंच्या आवाजात मशीन विचारायचं, "पण नक्की?"

पहिला डाव सुतारमामांचा. त्यांनी नळ बंद केला.

"पण नक्की?"

मामांची बोटं थांबली. "मी जरा घरी जाऊन येतो."

"घाबरट!" असं म्हणत हिशेबनीसबाई पुढे झाल्या. तिसऱ्याच फटक्याला किंचाळल्या, "अगं बाई, इस्त्री!"

"अहो, आवाज तुमचाच आहे!" मालक म्हणाले.

"म्हणून तर! मी उगाच कधी विचारते का?" आणि बाई पर्स तिथेच टाकून पळाल्या.

त्यामागून फिटर गेला, वायरमन गेला. मशीन बघायला आलेला व्यापारी गाडीचं दार आठवून गेला.

"काका, डाव कोणी संपवतच नाही! विकायचं कसं हे? खुर्च्याच बनवायच्या आता!" मालक भडकले. "बघा, असा संपवायचा." त्यांनी गोळी सोडली. ती नेमकी कुलपाला लागली.

"पण नक्की?"

मालकांनी खिसे चाचपले आणि ते तडक बाहेर धावले.

एकटे उरलेले काका थोडा वेळ टिकले. मग तेही गेले.

घरी गॅस बंद होता. जिना उतरताना ते हळूच म्हणाले, "बंद आहे गं," आणि परत फिरले.

फाटकापाशी सगळेच भेटले. घरोघरी सगळं ठीक होतं. फाटक मात्र सताड उघडं होतं. कारखान्याला कुलूप कोणीच लावलं नव्हतं.

आत मशीनचे दिवे लुकलुकत होते. शेजारी एक अनोळखी पोतं पडलं होतं. पोत्यात कारखान्याचं ड्रिल, ऑफिसातलं घड्याळ, बाईंची पर्स. वर एक पहार.

"चोर! पण माल टाकून गेला कुठे?" बाई म्हणाल्या.

"घरी," सुतारमामा समजुतीने म्हणाले.

तेवढ्यात दारात एक माणूस धापा टाकत उभा राहिला. एवढी माणसं बघून तो दचकला, पण मागे फिरला नाही.

"बंदच होतं," तो घाम पुसत म्हणाला. "माझा डाव अर्धा राहिलाय."

"आमचेही राहिलेत," मामा म्हणाले. "रांगेत या."

तो व्यापाऱ्याच्या मागे उभा राहिला. मालकांनी मशीनपासून दारापर्यंत रांग न्याहाळली.

"काका, अशी आणखी मशिनं रंगवायला घ्या," ते म्हणाले. "आणि थोड्या खुर्च्याही कराव्या लागतील."