कुरामिझु नगराचा सर्वसंमत इतिहास

इतिहास लिहिण्यात अवघड असं काही नसतं. अवघड असतात ती इतिहासातल्या माणसांची नातवंडं. तरीही जपानी माणसाचा प्राचीन काळापासून आजपर्यंतचा इतिहास कुणालाही न दुखावता लिहिता येतो, हे उत्तरेकडच्या कुरामिझु या छोट्याशा नगरानं आपल्या साठाव्या वर्धापनदिनी सिद्ध करून दाखवलं. ग्रंथ सहाशे चाळीस पानांचा. वजन दोन किलो. तक्रारी शून्य.

त्यातली दोनशे बारा पानं जोमोन या अश्मयुगीन काळातल्या मडक्यांना दिली आहेत. (मडक्यांना नातेवाईक नसतात.) सरदारांच्या लढाया चार पानांत उरकल्या, कारण दोन्ही बाजूंचे वंशज नगरपरिषदेत एकाच बाकावर बसतात. सम्राटाच्या हाती पुन्हा सत्ता आली, तेव्हाच्या यादवीत कुरामिझु हरलेल्या बाजूला होतं. त्या वर्षासमोर 'हवामान दमट' एवढीच नोंद आहे. महायुद्धाच्या प्रकरणात शाळेवर नवं छप्पर घातल्याचा उल्लेख आहे, आणि त्यापुढच्या प्रकरणात पुन्हा नवं छप्पर घातल्याचा. ऑलिंपिकची मशाल शेजारच्या गावातून गेली, तिला मात्र फोटोंसकट सव्वीस पानं.

ग्रंथ लिहिला नगर कार्यालयातल्या ओनोदेरांनी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांवर 'नाही' म्हणायची वेळ एकदाही आणली नव्हती. समोरच्याच्या मनातलं 'नाही' त्यांना त्याच्याआधी कळायचं. कागदावर सहीऐवजी मारायचा आपला शिक्काही ते साहेबांच्या शिक्क्याकडे जरा कलता मारत, म्हणजे तोसुद्धा वाकून नमस्कार करतोय असं दिसावं. (विभागप्रमुखांसाठी दहा अंश, नगराध्यक्षांसाठी पंधरा. असा लेखी नियम नाही. लेखी नियम मोडता येतो.)

अशा माणसानं ग्रंथाच्या मसुद्यात एकच वाक्य स्वतःच्या मनानं घातलं होतं. अठराव्या शतकातल्या, तेन्मेइ काळातल्या दुष्काळात इथल्या एका गावप्रमुखानं थेट सरदाराच्या पालखीपुढे अर्ज धरला, धान्याचं कोठार उघडायला लावलं, आणि या आगाऊपणाबद्दल त्याला वधस्तंभावर चढवलं. कोठार उघडण्याचा हुकूम आणि वधाचा हुकूम एकाच तारखेचे आहेत. (कामाचा उरक पहिल्यापासूनच.) त्याच्या सहाव्या पिढीतल्या हात्सुए आजी आता एक्क्याण्णव वर्षांच्या. त्यांनी त्या अर्जाची घरात जपलेली नक्कल ओनोदेरांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "त्याचं नाव एकदा छापलेलं बघितलं, की मी जायला मोकळी." ओनोदेरांनी शब्द दिला.

मसुदा वर गेला. विभागप्रमुख साकुतांनी त्या वाक्यापाशी दातांमधून हवा आत ओढली. (तिकडे अशा हवेत बहुधा 'नाही' असतं.) ओनोदेरा चार दिवस त्या हवेचा अर्थ लावत बसले, तेव्हा लक्षात आलं, की गावप्रमुखाला पकडून देणारा कारभारी म्हणजे आपल्या नगराध्यक्ष निइनुमांचा पूर्वज. आता आली का पंचाईत! दुसऱ्या मसुद्यात वधाची 'शिक्षा' झाली. तिसऱ्यात 'गैरसोय'. चौथ्यात 'काही ग्रामस्थांनी धान्याविषयी आस्था दाखवली'. पाचव्यात त्या वर्षी पीक बेताचं आलं. मग नऊच्या नऊ अधिकाऱ्यांचे शिक्के पडले.

प्रकाशनाच्या दिवशी जेवताना निइनुमा त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "ओनोदेरा-सान, पहिल्या मसुद्यातलं ते गावप्रमुखाचं वाक्य दिसलं नाही कुठं. आमची आजी दर वर्षी पितरांच्या सणाला त्याच्या नावानं उदबत्ती लावायची. म्हटलं, या पुस्तकातून तरी आमच्या घराची माफी पोचेल."

ओनोदेरांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग आपण मला विचारलं का नाही, असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाला विचारलं.

"मला वाटलं, हात्सुए आजींनाच नको असेल. उगाच त्यांना अवघडल्यासारखं कशाला करा."

साकुतांनाही ते वाक्य आवडलं होतं, असं त्याच पंगतीत कळलं. हवा ओढली होती, ती दाढ दुखत होती म्हणून.

हात्सुए आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेवटच्या नावांच्या सूचीपर्यंत बोट फिरवून झालं होतं. ओनोदेरा त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले. स्वतःची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. "आजी, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"छे हो. नगराध्यक्षांना खाली बघायला लागू नये, म्हणून गाळलं असेल. मला कळलं ते. बरं केलंत," आजी म्हणाल्या. "पुस्तक छान जाड झालंय." आणि दोन किलोंचं ते ओझं रुमालात बांधून त्या बसस्टॉपकडे निघाल्या.

नाव पुन्हा घालावं, असा अर्ज ओनोदेरांनी दुसऱ्या दिवशी केला. तो मंजूर झाला आहे. सुधारित आवृत्ती नियमाप्रमाणे पन्नास वर्षांनी निघेल. तेव्हा आजी एकशे एक्केचाळीस वर्षांच्या असतील.

ओनोदेरांना हसण्याआधी वाचकांना एक नम्र निवेदन. या कथेच्या पहिल्या मसुद्यात त्या गावप्रमुखाचं नाव होतं. परकं नाव, तुम्हाला जड जाईल, म्हणून काढलं. तुम्ही इथवर वाचलंत आणि ते एकदाही विचारलं नाहीत. आपल्या समजूतदारपणाबद्दल आम्ही आभारी आहोत.