कुंभवलीच्या लाल खुंट्या

"गवत काही पळून जात नाही, सर! दिवाळीपर्यंत निरीक्षणं तुमच्या टेबलावर!"

असं ठणकावून एम.एस्सी.ची दमयंती बोईसरला उतरली. सन ब्याऐंशी. काम सोपं! कारखान्यांच्या नाल्याकाठी चार लाल खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधायची आणि आतलं कुठलं गवत जगतं, कुठलं मरतं, ते दर आठवड्याला बघायचं. डिग्री त्या चौकोनावरच होती. कुंभवली गावात विश्राम नावाच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यात तिनं, कुणाला न विचारताच, खुंट्या ठोकल्या.

पुढच्या आठवड्यात चौकोन शेजारच्या नरहरीच्या वांग्यांत!

"नरहरीकाका, हे इथं कसं?"

"मला काय इचारता ताई? सकाळी उठलो तर उगवलेलं!"

त्याच्या पुढच्या आठवड्यात चौकोन पलीकडच्या नवसीबाईच्या गोठ्यामागे. आता मात्र दमयंतीला गवतापेक्षा खुंट्यांचंच कुतूहल वाटायला लागलं. दिवेलागणीला ती पेंढ्याच्या उडवीमागे दबा धरून बसली. आणि बघते तर काय! खुंट्या काखेत, दोरी गळ्यात माळेसारखी, अशी नवसी तुरुतुरु निघालेली!

"अगं, थांब!"

"वरडू नको बाय! कंपनीची मापं हायत. लाल खुंटी तिथं कारखाना! इश्रामनं नरहरीच्यात लोटली, त्यानं माझ्यात. मी काय येडी हाय?"

"माझ्या आहेत त्या! मी गवत बघते."

"गवत बघाया पोरीला शिकवली?" नवसी पोट धरून हसली.

"पण मागं कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा तुम्हाला विचारलं नाही कुणी?"

"इचारतंय कोण? आधी खुंटी आली, मंग साहेब आला."

दमयंती तिथंच बांधावर बसली. जमीन कुणाची होती? कोण आलं? काय म्हणालं? तिचे प्रश्न संपेनात. नवसीनं सगळं सांगितलं. पण खुंट्या गवतासाठी आहेत यावर विश्वास काही ठेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी सर तपासणीला हजर! चौकोन सापडला देवळासमोर, फरशीच्या सांध्यांत घट्ट ठोकलेला.

"देवाची जमीन कोन घेतंय?" नवसी खुशीत म्हणाली.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "यात गवत कुठंय?"

"नाहीच, सर," दमयंती म्हणाली. "मला विषय बदलायचाय. जमीन घेताना गावाला विचारतं कोण, हा घेऊ?"

सरांनी चष्मा खिशात ठेवला.

"अर्ज दे. बघू. आधी खुंट्या उपट, डिपार्टमेंटच्या आहेत."

तिनं खुंटीला हात घातला मात्र, ओट्यांवरचं अख्खं गाव उभं राहिलं! नरहरी तर वांग्यांची पाटी टाकून धावला.

"ताई, हात लावू नका! नव्या घेऊन देतो सरांना, पण ह्या पुना गावात मोकळ्या सोडू नका!"