शिवलिंगप्पांची अक्का

शिवलिंगप्पांकडं इंजनाची तक्रार घेऊन गेलात, तर ते इंजनाकडं बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडं बघतात. "आवाज काढा," म्हणतात.

"घरघर असा आवाज येतोय, अप्पा."

"घरघर हा शब्द झाला. आवाज काढा."

मग चारचौघांत घसा साफ करून तुम्हाला तो आवाज काढावाच लागतो. मी मच्छीमार संस्थेचा सचिव, एम.कॉम. झालेला माणूस. पण तेरजवळच्या आमच्या तलावाच्या काठावर, बाजाराला निघालेल्या बायांच्या देखत, मी "खर्रर्र... टक, खर्रर्र... टक" असं केलेलं आहे. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सेक्रेटरी, टक जरा लौकर आलं. परत काढा." मी परत काढला. आमच्या चेअरमनसाहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी इकडंतिकडं बघून असा काही आवाज काढला की काठावर चरणारी म्हैस मान वर करून बघायला लागली. "तुमच्यात इंजन कमी हाय, म्हस जास्त हाय," असा निर्वाळा देऊन अप्पा नावेकडं वळले.

संस्थेची ही एकच नाव. तिच्या पाठीला पेट्रोलवर चालणारं एक जुनं इंजन लावलेलं आहे. कोकणातल्या कुणीतरी बरीच वर्षं वापरून विकलेलं ते आमच्याकडं आलं. घेतलं होतं तलावातले माशांचे पिंजरे बघायला जायला, पण त्याचा खरा उपयोग झाला पलीकडच्या वस्तीला. वस्तीवरून रस्त्यानं यायचं तर चांगला नऊ किलोमीटरचा वळसा पडतो. नावेनं वीस मिनिटं. त्यामुळं दवाखाना, दळण, बाजार, सगळं त्या इंजनावर चालायचं. अप्पा त्याला अक्का म्हणायचे. "अक्का आज नाराज हाय," "अक्काला थंडी सोसत न्हाय," असं त्यांचं बोलणं. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं तर नाव चालवणाऱ्या यशवंताला सुनवायचे, "अक्काला कोरडी भाकर चारतोस व्हय रं?"

अप्पा मूळचे कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुमचे. लग्नानंतर सासुरवाडीच्या गावी, तेरला आले आणि इथलेच झाले. तरुणपणी विहिरींवरची डिझेल इंजनं दुरुस्त करत, पुढं पंपाच्या मोटारी. सत्तरी आली तरी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून, स्वच्छ पांढरा सदरा घालून सकाळी सातला तलावावर हजर. माणसांशी मराठीत बोलायचे, यंत्राशी कानडीत. एक लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक इंजनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि एक हात वर करून ओरडायचे, "सुम्नीर!" म्हणजे कानडीत गप्प बस. त्या सुम्नीरनंतर नावेतली शेळीसुद्धा ओरडायची नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी अक्काला तो आवाज सुरू झाला. खर्रर्र... टक. कधी यायचा, कधी नाही. अप्पांनी तपास हाती घेतला आणि आमचं जगणं मुश्कील झालं.

आधी त्यांनी नावेतल्या प्रत्येकाची जबानी घेतली. शाळेच्या जुन्या वहीत ते टिपून ठेवायचे. "सकाळची फेरी. चार बाया, दोन शेळ्या. टक तीनदा." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या जागा बदलल्या, कारण ओझं डावीकडं असलं की आवाज वाढतो असा त्यांचा संशय. शेळ्या पुढं, बाया मागं. तिसऱ्या दिवशी शेळ्या मागं. मग संशय गेला रुक्मिणबाईच्या बांगड्यांवर. रुक्मिणबाई पलीकडच्या वस्तीवरची, साठीची, तोंडानं तिखट. अप्पांनी तिला हात नावेच्या काठापासून लांब, उंच धरून बसायला सांगितलं. दिवस थंडीचे, वारं झोंबणारं. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "अप्पा, माज्या बांगड्या न्हाईत वाजत. तुमचे दात वाजत्यात. ते धरून बसा आधी."

नाव डुगडुगेपर्यंत सगळे हसले. अप्पांनी वहीत गंभीरपणे लिहिलं, "बांगड्या नाहीत."

असे तीन महिने गेले. अप्पांनी एकही फेरी चुकवली नाही. ताप असला तरी कानाला मफलर गुंडाळून यायचे, आणि ऐकायच्या वेळी मफलर काढायचे.

शेवटी चेअरमननी सोलापूरहून एक मेकॅनिक बोलावला. तो आला आणि आवाज बंद. अर्धा तास नाव फिरवली, अक्का मांजरीसारखी गुरगुरत चालली. "परक्या मानसापुढं ती बोलत न्हाय," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला थोडा अभिमान दिसला. मेकॅनिक वैतागला. इंजनाचं वय विचारून त्यानं सांगून टाकलं की आतले गिअर गेलेत, भंगारात काढा. चेअरमननी शनिवारी बैठक लावली. विषय एकच, नाव बंद करणे. नवं इंजन घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती. वस्तीवर बातमी पोचली आणि बाया माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

बैठकीच्या दोन दिवस आधी मी मुद्दाम बाजाराच्या फेरीला नावेत बसलो. सात बाया, पाट्या, रुक्मिणबाईची शेळी, यशवंता आणि पेचकस कानाला लावलेले अप्पा. तलावाच्या मधोमध आलो आणि एकदम मोठा आवाज झाला. टक्! त्यानंतर इंजन सुटल्यासारखं किंचाळायला लागलं, पण नाव जागची हलेना. यशवंतानं घाबरून इंजन बंद केलं. वारं जोराचं होतं. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे जिकडं वर आलेत, तिकडं नाव हळूहळू वाहायला लागली. एका बाईनं आई भवानीचा धावा सुरू केला. रुक्मिणबाईनं शेळीला मिठी मारली.

अप्पा उठले. ना सुम्नीर, ना जबानी. त्यांनी यशवंताला इंजन तिरपं करून पंखा पाण्याबाहेर काढायला सांगितलं. कमरेच्या पिशवीतून तेलकट कागदाची एक पुडी काढली. आत बोटाच्या पेराएवढी पितळी पिन होती. पंख्याच्या दांडीत अशी एक पिन असते. पंखा कशात अडकला तर ती तुटते आणि इंजन वाचतं. जुनी पिन झिजून वाकली होती, आता तुटली होती. अप्पांनी तिचे तुकडे काढले, नवी बसवली, हातानं पंखा फिरवून बघितला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाभळींच्या काट्यांपासून हातभर अंतरावर असताना अक्का सुरू झाली. काठापर्यंत खर्रही नाही आणि टकही नाही.

बाया अप्पांचा जयजयकार करत उतरल्या. मी मात्र पुडीचा कागद उचलून बघत होतो. घड्यांवर तो फाटायला आला होता. बरेच दिवस पिशवीत असावा.

"अप्पा, ही पिन कधी केलीत?"

त्यांनी पेचकस सदऱ्याला पुसला आणि गावाकडं चालायला लागले.

बैठक रद्द झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले, साडेसात वाजले, अप्पा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. अप्पा खाटेवर बसले होते, सदरा चुरगळलेला, कपाळ मोकळं. घर झाडून लख्ख होतं, आणि सगळ्या घरात एक ताट, एक वाटी, एक पेला.

"पैल्याच दिवशी कळलं हुतं मला," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "पिनच हुती. त्याच सांजेला घासून केलीबी."

"मग बसवली का नाही?"

"बसवायचीच म्हनून आलो हुतो. तर पलीकडं गेल्यावर रुक्मिणबाई म्हनली, अप्पा, आमच्यापायी येवडी खटपट करताय, आज हितंच जेवून जावा. मेथीची भाजी हुती. चार बाया, त्यांची लेकरं, समदे गोल बसले." ते म्हणाले. "आमची ही जाऊन दोन वर्सं झाली. तवापास्नं म्या चौघांत बसून जेवलो नव्हतो, सेक्रेटरी. म्हनलं, उद्या बसवू. उद्याचं परवा झालं."

मला राग आला होता, आणि तो मी गिळला नाही. "नावेत माणसं होती, अप्पा. काही झालं असतं तर?"

"म्हनून तर येक फेरी सोडली न्हाय म्या. ताप असला तरी आलो. पिन कमरंला हुती." मग त्यांनी हात जोडले. "तरी चुकलंच. तुमी चेअरमनसायबांना सांगा. म्या आता येत न्हाय. अक्का बरी झाली, माझं काय काम तिथं?"

सत्तरीचा माणूस माझ्यापुढं हात जोडून बसला होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. यशवंता होता. "साहेब, पंचाईत झालीया. बाया परतायला नावेत बसल्यात, पन निघू देईनात."

"का? आवाज येतोय का?"

"आवाज न्हाय वो. अप्पा आल्याबिगर न्हाय म्हनत्यात."

मी फोन अप्पांच्या कानाला लावला. यशवंताच्या हातून फोन रुक्मिणबाईनं घेतला असावा, कारण फोन अप्पांच्या कानाला असूनही तिचा आवाज मला ऐकू आला. "दोन दिस कुठं हाय तुमी? उनं वर आली. येताय का मी येऊ तिथं?"

"इंजन चांगलं झालंय की," अप्पा कसंबसं म्हणाले. "तुमी जावा."

"इंजनाचं कोन इचारतंय तुमाला?"

अप्पांनी फोन माझ्याकडं दिला. उठले, तोंड धुतलं, दुसरा सदरा घातला. भस्म लावलं, पट्टे जरा वाकडे आले. काठावर पोचलो तर सात बाया पाट्या मांडीवर घेऊन बसलेल्या. अप्पा सवयीनं मागं, इंजनाकडं निघाले.

"तिकडं कुठं?" रुक्मिणबाईनं सरकून आपल्या शेजारी जागा केली. "हितं बसा. आन् शेळी धरा जरा, माझा हात अवघडलाय."

अप्पा बसले, शेळीचं दावं हातात घेतलं. यशवंतानं दोरी ओढली. मी काठावरच थांबलो. पिनेचं मी कुणाला सांगितलं नाही, दोन जादा पिना मात्र त्याच आठवड्यात करून यशवंताकडं ठेवायला लावल्या. नाव दूर गेली तरी रुक्मिणबाईचे हात हललेले दिसत होते, सुनेचं काहीतरी सांगत असावी. अप्पा मान डोलावत होते. इंजनाकडं त्यांची पाठ होती.