टाके घालणारी अळी

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई सकाळी लिंबाच्या कुंडीला पाणी घालायला गेल्या, तर नऊ पानं सुरळी करून धाग्याने बंद केलेली. एक उलगडलं. आत हिरवी अळी घरजावयासारखी बसून खात होती. सात वर्षं नुसती पानं काढणाऱ्या या झाडाला यंदा कुठे तीन लिंबं धरली होती. बाईंचं टाळकं सरकलं.

त्यातच दुसऱ्या मजल्यावर राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन दारात.

"कालच्या पाहणीत तुमच्या लिंबावर कीड सापडली. संध्याकाळपर्यंत कुंडी कचऱ्यात टाका. माझं काही नाही हं, अध्यक्षांचा आदेश."

"अध्यक्षांना सांगा, नाही टाकत."

"अहो, पानं शिवून टाकलीत अळ्यांनी."

"मग उसवते. तीस वर्षं दुसऱ्यांनी बिघडवलेलं उसवतेच आहे मी."

"एक जरी सुरळी दिसली, तर कुंडी मी स्वतः उचलणार."

"या तर खरे."

बाईंनी मशीनवरचा ब्लाउज बाजूला सारला आणि बारीक कात्री घेऊन गॅलरीत ठाण मांडलं. अळीही काही कमी नव्हती. पान उघडलं की मागच्या मागे वळवळत सटकायची आणि धाग्याला लोंबकळत कठड्याबाहेर खाली उतरायची. खाली म्हणजे कुठे, हे बाईंनी पाहिलं नाही. रागाच्या भरात कोण पाहतं? संध्याकाळी सेक्रेटरींनी चष्मा पुसपुसून झाड तपासलं आणि तोंड पाडून परत गेले.

आठवड्याने ते पुन्हा आले. आवाज पार उतरलेला.

"बाई, जरा खाली येता? कात्री घेऊन."

त्यांच्या गॅलरीतल्या गुलाबाचं एकही पान धड नव्हतं.

"उद्या अध्यक्षांची पाहणी आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग टाका कचऱ्यात. नोटीस तुमच्याच अक्षरातली आहे."

"हिने माहेरून आणलेला गुलाब आहे हो. नाही टाकणार. अध्यक्षांना काय करायचं ते करू दे."

बाईंना हा माणूस पहिल्यांदाच आवडला. त्यांनी पान उसवलं. अळी सटकली, धागा सोडत कठड्यापलीकडे गेली. दोघंही वाकून पाहू लागले. खालच्या मजल्यावर अध्यक्षांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"अध्यक्षांना कळवायला हवं," सेक्रेटरी सवयीने म्हणाले.

अळी सावकाश खाली खाली गेली आणि मधल्या कुंडीत उतरली. सेक्रेटरी सरळ उभे राहिले.

"पुढचं पान घ्या, बाई."